पॅकिंगच्या लाकडातून पाइन टार, शेणीच्या आचेवर

पाइन टार करायला स्वीडनला जावं लागत नाही आणि हिमालयातही नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बाहेरून मशीन आलं की त्याची लाकडी खोकी भंगारात पडतात आणि त्यातली बरीच पाइनची असतात. पाच लिटरचा पत्र्याचा डबा, थोडा काळा (जस्त न चढवलेला लोखंडी) पाइप, कुंभाराची माती आणि शेणी (गोवऱ्या), एवढ्यावर काम भागतं. मी फौंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, करतो. फळी हातात आली की आधी हुंगायची सवय आहे, त्यामुळं या उद्योगात पडायला मला फार निमित्त लागलं नाही.

पाइन टार म्हणजे पाइनच्या चिकाळ लाकडातून, हवा लागू न देता, नुसत्या आचेनं गाळलेलं काळं दाट तेल. रस्त्यावरचं डांबर खनिज तेलातून येतं. त्याचा आणि ह्याचा संबंध रंगापुरता. सतराव्या-अठराव्या शतकात स्वीडन-फिनलंडकडचं हे टार युरोपातल्या लाकडी जहाजांना आणि त्यांच्या दोरखंडांना लागायचं. नॉर्वेतली बाराव्या-तेराव्या शतकातली लाकडी चर्च अजून उभी आहेत. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या हेच फासत आलेत. आपल्याकडं गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडं जाणाऱ्यांच्या काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे, वाखाचे दोर सगळं फुगतं, बुरशी धरतं. मला टार हवं होतं ते त्यासाठी.

रीत मात्र परकी नाही. जुनी माणसं करवंटीचं तेल काढायची, ते पाताळयंत्रानं: वर भांडं, तळाला भोक, खाली जमिनीत दुसरं भांडं, आणि आच वरून. टारचंही तेच. म्हणून नवख्यांनी पहिली भट्टी करवंट्यांची लावावी असं माझं मत आहे. देवळाबाहेर पोतंभर फुकट मिळतात, आणि मातीचा लेप कुठं फुटतो, पाइप कुठं तुंबतो हे चांगलं लाकूड वाया न घालवता कळतं.

जंगलातलं लाकूड ह्याला आणायचं नाही, हे आधीच सांगतो. राधानगरी-दाजीपूर अभयारण्य आहे. तिथं झाडाला हात लावणं आणि आग करणं दोन्ही गुन्हा आहे. शिवाय सह्याद्रीत पाइन आपसूक उगवत नाही. सुरूचं झाड लांबून तसं दिसतं, पण त्यात हा चीक नाही. काही जण आंबा घाटाकडच्या धुपाच्या झाडाला खाचा मारायच्या गोष्टी करतात. त्यांना मी दारात उभं करत नाही.

खोक्याच्या लाकडावर आधी शिक्का शोधा. गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, एक नंबर आणि त्यापुढं एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे नुसतं तापवून कीड मारलेलं, ते चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते बाजूला टाका, सरपणालासुद्धा नको. शिक्काच नसेल, रंग असेल, तेल सांडलेलं असेल, प्लायवूड असेल तर तेही नको.

आता चांगल्यातलं चांगलं निवडायचं. सगळी फळी कामाची नसते. साधी पांढरी फळी कितीही भरा, हाती येतं ते बहुतेक आंबट पाणी आणि कोळसाच. टार असतं ते गाठीत आणि गाठीच्या भोवतालच्या नारिंगी पट्ट्यात. रंधा मारला की पात्याला चिकटतं, टर्पेन्टाइनचा वास नाकात चढतो. त्याची पातळ ढलपी उन्हासमोर धरली तर कडेनं उजेड आरपार येतो, मधाच्या रंगाचा. हाताला तुकडा आकाराच्या मानानं जड लागतो. असे तुकडे करवतीनं वेगळे काढा, खिळे एकूण एक उपसा आणि लाकूड बोटाएवढ्या जाडीच्या काड्यांत फोडा. हिमालयात चिडाची (तिकडच्या पाइनची) जुनी बुंधं अशी चिकानं भरलेली असतात. तिकडून कुणी येणार असेल तर मिठाईऐवजी ते मागवा.

डबा झाकण घट्ट बसणारा हवा. कथलानं झाळलेला जुना डबा घेऊ नका, आचेला डाग वितळतो आणि तळ सुटतो. गॅल्व्हनाइज्ड बादली किंवा जीआय पाइपही नको, जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. डब्याला आत-बाहेर रंग किंवा लाखेसारखा थर असतो, तो आधी उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून रिकामा डबा भाजून जाळून टाका. मग तळाच्या मधोमध भोक पाडा, भोकाभोवतीचा पत्रा हलके ठोकून खोलगट करा म्हणजे आलेला थेंब तिथंच उतरेल. भोकात पाऊण इंची काळ्या पाइपचं निपल (दोन्हीकडं आटे असलेला आखूड तुकडा), आतून-बाहेरून चेकनट (आवळायची चपटी नट). वॉशर रबरी घालायचा नाही. तिथं फायरक्लेचा, म्हणजे आच सोसणाऱ्या मातीचा, लेप द्या. फौंड्रीत ओळख असेल तर मूठभर कुणीही देतं. निपलला खाली एल्बो (कोपराचा जोड), आणि एल्बोला दोनेक फूट पाइप.

बहुतेक जण खालचं भांडं खड्ड्यात पुरतात. मला ते पटत नाही, कारण आत काय चाललंय ते दिसत नाही. आमचं शेत पन्हाळा रस्त्याला, चढाचं आहे. वरच्या वाफ्याच्या काठावर डबा बसवतो, पाइप बांधातून तिरका खाली काढतो आणि त्याचं तोंड खालच्या वाफ्यात उघडं ठेवतो. फिनलंडमधले लोक टारची खड्डाभट्टी उतारावरच करायचे आणि नळी अशीच बाहेर काढायचे. बांध असताना खड्डा कशाला खणायचा? पाइपला उतार सारखा हवा, मध्ये पोट राहिलं तर टार तिथं साचून घट्ट होतं. आणि हे तोंड कधीही बंद करायचं नाही. आत वाफ आणि गॅस तयार होतो, त्याला जायला वाट हीच.

डब्यात काड्या उभ्या भरा, गच्च पण ठोकून नव्हे. झाकण लावून कडेला मातीचा लेप. शेतातली काळी माती इथं कुचकामी, वाळली की भेगाळते. कुंभाराकडची माती घ्या, त्यात राख आणि भाताचं भुसकट मळा, बोटभर जाड थापा. डब्याच्या तळाखाली आणि एल्बोभोवती चांगली वीतभर माती दाबा. तळाला थेट आच लागली तर उतरणारं टार तिथंच करपतं. आच बाजूनं आणि वरून पाहिजे.

हंगाम ऊस गेल्यावरचा धरा. उभ्या उसाजवळ किंवा पाचट पसरलेल्या रानात हा खेळ करायचा नाही. चहूबाजूंनी जमीन साफ करून घ्या, पाण्याचं बॅरल भरून ठेवा, वारा सुटला असेल तर दुसरा दिवस धरा.

आचेला शेणीच. पाचट आणि चिपाडं भडकतात आणि विझतात; डबा एकदा लाल, एकदा गार होतो. शेणी धुमसत, एकसारखी जळते. डब्याभोवती शेण्यांची उतरंड रचा, वर झाकणावरही चार ठेवा आणि वरच्या बाजूनं पेटवा. आच खाली सरकत येते तसं लाकूड वरून खाली शिजतं आणि निघालेलं टार गार भागाकडं उतरतं. सुरुवातीलाच भडका केला तर टार तयार होण्याआधी जळून गॅस होतो आणि हाती कोळसा राहतो.

पहिला अर्धा-पाऊण तास पाइपच्या तोंडातून नुसती पांढरी वाफ येते. हे लाकडातलं पाणी. मग चहाच्या पाण्यासारखे थेंब पडायला लागतात, वास उग्र आंबट, डोळ्यांना झोंबणारा. ह्यात ॲसिटिक आम्ल आणि मिथेनॉल असतं, म्हणून जीभ लावून बघायचा उपद्व्याप कुणी करू नये. हे वेगळ्या डब्यात धरा. काही वेळानं थेंबावर तेलाचे रंग तरंगताना दिसतात आणि वास बदलतो. आंबटपणा मागं पडतो, धूर आणि टर्पेन्टाइन पुढं येतं. इथं भांडं बदला. लाकूड साधारण पावणेतीनशे अंश सेल्सिअसच्या पुढं गेलं की ते स्वतःच उष्णता सोडत मोडायला लागतं, त्यामुळं ह्या टप्प्यावर नवीन शेणी घालायची घाई नको. थेंब पिवळट, मग तांबूस, मग तपकिरी. शेवटी शेवटी थेंब तुटेनासा होतो, पाइपच्या ओठाला लोंबतो, लांबतो, आणि खाली पडताना मागं केसासारखा धागा सोडतो. तो धागा दिसला की मी खूश.

ह्या वेळी पाइपमधून येणारा पिवळट धूर पेटतो, बिडी ओढत वाकून बघायला जाल तर भुवया जातील. मुलांना वरच्या वाफ्यातच थांबवा. थेंब अचानक थांबला आणि झाकणाच्या कडेनं धूर जोरात फुसफुसायला लागला तर पाइप तुंबलाय. बाजूला उभं राहून लांब सळई सरळ भागात फिरवा. तरीही वाट मोकळी झाली नाही तर शेणी लांब ओढा आणि स्वतःही लांब व्हा, डबा गार होईतो जवळ जायचं नाही. पाच लिटरच्या डब्याला एकूण अडीच-तीन तास लागतात. गाठीचं लाकूड चांगलं निघालं तर कपभर, फार तर दीड कप टार मिळतं.

थेंब पूर्ण थांबले की पाइपचं तोंड मातीनं बुजवा आणि निघून जा. डबा दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडायचा. आतला कोळसा गरम असताना हवा लागली तर आपोआप पेट घेतो. तो कोळसा मात्र टाकू नका, पुढं लागणार आहे.

टार दोन दिवस निवांत ठेवलं की उरलंसुरलं पाणी वर येतं. ते ओतून काढा. राहिलेली ओल घालवायला चुलीवर ठेवायचं नाही. रुंद तोंडाच्या भांड्यात, वर जाळी टाकून, एप्रिलच्या उन्हात ठेवा. आपल्याकडचं ऊन ह्या कामाला पुरून उरतं.

कुऱ्हाडीच्या दांड्याला, खुरप्या-कोयत्याच्या मुठीला लावायचं तर एक भाग टार, एक भाग जवसाचं डबल बॉइल तेल, एक भाग टर्पेन्टाइन. दांडा कोरडा पाहिजे, जुनं पॉलिश खरवडून काढलेलं. उन्हात तापलेल्या दांड्याला फडक्यानं पातळ हात मारा, वीस मिनिटांनी जेवढं आत गेलं नाही तेवढं पुसून घ्या. जाड हात मारला तर महिनाभर चिकट राहतो आणि तुम्ही मला शिव्या घालता. दोन दिवसांनी दुसरा हात. काठीची टोकं आणि दांड्याचं लोखंडातलं तोंड इथं जास्त पाजा, पाणी तिथूनच शिरतं. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटतं. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

वाखाचा किंवा काथ्याचा दोर कोमट टारमध्ये बुडवून, पिळून, सावलीत टांगला की पावसात लवकर कुजत नाही. पण टार लावलेला दोर कोऱ्या दोरापेक्षा थोडा कमी ताण घेतो. बांधाबांधीला, ताडपत्रीला तो उत्तम. त्याला माणूस लटकवायचा नाही. कड्यावर आधुनिक रोपच.

पावसात चूल पेटवायला काथ्याचे बोटभर तुकडे टारमध्ये बुडवून वाळवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ओल्या हवेतही हे चांगले काही मिनिटं जळतात. तेवढ्यात ओल्या लाकडाच्या आतल्या कोरड्या ढलप्या धरतात. धनगरांची चकमक वापरून बघायची हौस असेल तर कापूस लहान डबीत घालून, झाकणाला खिळ्याएवढं भोक ठेवून, धूर थांबेपर्यंत भाजा. गार झालेला तो काळा कापूस गारगोटी-पोलादाची ठिणगी लगेच पकडतो.

सुटलेली मूठ बसवायला नुसतं टार उपयोगाचं नाही, त्याला राळ लागते. किराणा-काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, हुपरीच्या चांदी कारागिरांना तर ती रोजची. तीन भाग राळ मंद आचेवर पातळ करा, एक भाग मघाच्या कोळशाची वस्त्रगाळ पूड, चमचाभर मेण. राळही पेट घेते, म्हणून झाकण हाताशी. पात्याचं शेपूट गरम करून ह्यात खुपसा आणि मुठीत दाबा. पूर्वी विळे-सुऱ्या लाखेनं बसवायचे, त्यातलाच प्रकार. फार ठिसूळ वाटलं तर मेण वाढवा.

घोंगड्याला टार लावायचं नाही. घोंगडी विणणारे सनगर त्याला चिंचोक्याची खळ देतात, तेवढी पुरते, आणि लोकर भिजली तरी ऊब देते. कोल्हापुरी पायताणालाही नको; चामडं काळं पडतं, वास जात नाही, आणि पायताण घालून पावसात जायचंच कशाला? जाड ट्रेकिंगच्या कातडी बुटांना मात्र टार, मेण आणि जवसाचं तेल मिसळून लावलेलं चालतं. जळवांवर चालतं का असं दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतं. त्याला तंबाखू-मीठ बरं. अंगाला, जखमेला टार लावू नका. आणि आपलाच माल म्हणून डब्यात बिब्बे टाकायची कल्पना कुणाला सुचली तर तीही सोडा, त्या तेलानं अंगावर फोड उठतात.

तयार टार काचेच्या बरणीत, पत्र्याच्या झाकणानं बंद करून ठेवा. थंडीत घट्ट झालं तर बरणी उन्हात ठेवली की सैल होतं. बरणीवर ठसठशीत अक्षरांत नाव लिहा आणि ती स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवा, कारण दिसायला ते हुबेहूब काकवी असतं आणि आपल्याकडं काकवीला कुणी विचारून बोट लावत नाही.