चहाच्या कारखान्यात जाताय? एकाच लॉटच्या मागे राहा

फूड टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षानंतर इन-प्लांट ट्रेनिंगसाठी मी दार्जिलिंगच्या डोंगरातला एक चहामळा निवडला. वर्गातल्या बहुतेकांनी घराजवळचे बिस्किटांचे नाहीतर दुधाचे कारखाने घेतले होते. आमच्याकडे सगळ्यांचा एकच प्रश्न होता: चहा तर रोजच करतो आपण, त्यासाठी एवढ्या लांब कशाला? आता ज्युनिअर मुलं मला विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

न्यू जलपाईगुडीला उतरायचं, सिलिगुडीहून शेअर जीप पकडायची. डोंगरातले बरेचसे कारखाने हमरस्त्यावर नाहीत, खाली उतारावर मळ्याच्या मध्यात आहेत. शेवटची दगडी वाट मळ्याच्या गाडीनेच उतरावी लागते, म्हणून पोचायची वेळ आधी कळवून ठेवा. मुलींनी राहण्याची सोय मॅनेजरना लिहायच्या पत्रातच विचारून घ्यावी. भाषेची मात्र धास्ती नको. मळ्यात नेपाळी बोलतात आणि नेपाळीची लिपी देवनागरीच आहे. कारखान्यातल्या पाट्या पहिल्याच दिवशी मला वाचता आल्या, निम्म्या समजल्याही.

पहिल्या दिवशी तासाभरात सगळा कारखाना दाखवून झाला. मी वहीत यंत्रांची नावं उतरवली, फोटो काढले. संध्याकाळी तिथल्या बाबूंनी विचारलं, "ड्रायरमधून निघत होता तो चहा कधी खुडलेला?" मी म्हटलं, आजचा. तो आदल्या दिवशीचा होता. त्या रात्री ठरवलं की उद्या एकच लॉट धरायचा आणि तो पेटीत जाईपर्यंत सोडायचा नाही. तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. बाकी सगळं पुस्तकात मिळतं.

माझा लॉट दुपारी वजनाला आला. कपाळावर नाम्लो, म्हणजे पट्टा, आणि पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली, घेऊन बायका चढण चढून आल्या. खुडायचं ते 'दुई पात, एक सुइरो': दोन पानं आणि मधली सुईसारखी कळी. टोपलीत हात खोल घालून बघा. पाला दाबून भरला असेल तर आत गरम लागतो, आणि तो तिथेच लाल पडायला लागतो. मूठभर पाला पसरून बांझी कोंब किती निघतात तेही मोजा. वाढ थांबलेल्या कोंबाला तिकडे बांझी म्हणतात. आपला वांझ शब्द आठवला की अर्थ आपोआप लागतो.

मग माडीवर विदरिंग, म्हणजे पाला कोमेजवणं. जाळीचे लांबलचक ट्रफ, खालून पंख्याची हवा, वर पाला पसरलेला. इथे रात्र काढा, जेवण लवकर उरकून या. चौदा-सोळा तासांत पाल्यातलं निम्म्याहून जास्त पाणी जातं, पण कधी थांबायचं हे घड्याळावर ठरत नाही. मध्यरात्री धुकं खिडकीतून आत आलं आणि सगळा हिशेब बदलला. बाबूंनी मला मूठ आवळून सोडायला सांगितली. दहा वाजता पाला लगेच उसळून मोकळा झाला होता. पहाटे तोच गोळा होऊन हातात राहिला. मेथीची जुडी रात्रभर बाहेर राहिली की देठ मोडत नाही, नुसता वाकतो, तसे देठ झाले होते. वासही बदलला होता, आधी कापलेल्या गवताचा होता, आता पिकल्या फळाचा येत होता. हा फरक मला एकाही लेक्चरमध्ये कळला नव्हता.

पहाटे रोलिंग सुरू होतं. पितळी टेबलावर पिंप गोल फिरतं, पाला पिळवटतो, पेशी फुटतात. त्यानंतरच्या पायरीला कारखान्यात सगळे फर्मेंटेशन म्हणतात, पण त्यात यीस्ट वगैरे काही नसतं. चिरलेलं वांगं काळं पडतं तीच क्रिया: पानातली एन्झाइम्स आणि हवेतला ऑक्सिजन. थंड खोलीत पातळ थर पसरून ठेवतात आणि नाकाने ठरवतात. एक वास चढतो, उतरतो, मग दुसरा चढतो. त्या दुसऱ्या वासाला ड्रायर. शंभर अंशांच्या वरची हवा, वीस-पंचवीस मिनिटं, आणि चहात पाणी उरतं ते जेमतेम तीन टक्के. साधारण साडेचार किलो ओल्या पाल्याचा एक किलो चहा होतो.

सॉर्टिंगला जास्त वेळ देऊ नका, फक्त ग्रेडचा अर्थ नीट समजून घ्या. एसएफटीजीएफओपी, म्हणजे सुपर फाइन टिप्पी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पेको, हे लांबलचक नाव पानाचा आकार आणि रूप सांगतं, चव नाही. त्यातल्या ऑरेंजचा संत्र्याशी काही संबंध नाही. आपल्या अमृततुल्यातला दाणेदार चहा सीटीसीचा, म्हणजे पाला चिरडून, फाडून, वळवणाऱ्या यंत्राचा (क्रश, टेअर, कर्ल) असतो. ते यंत्र 1930 च्या सुमारास आसामात आलं. तो कारखाना वेगळा, वेगवान. जमलं तर दोन्ही बघा.

टेस्टिंगच्या दिवशी अत्तर, वासाचं तेल, खोबरेलसुद्धा नको. अडीच ग्रॅम चहा, पाच मिनिटं, झाकणाचे पांढरे कप. घोट जोरात ओढून जिभेवर पसरायचा आणि थुंकून टाकायचा. उरलेला चोथा हुंगायला विसरू नका. माझ्या लॉटचा चोथा घासलेल्या तांब्यासारखा दिसत होता.

कधी जायचं? मे-जूनचा दुसरा फ्लश, म्हणजे नव्या पालवीचा दुसरा बहर, उत्तम. जूनच्या मध्यापासून दरडींची भीती असते. रविवारी खुडणी नसते म्हणून सोमवारी सकाळी यंत्रं थंड, तो दिवस टाळा. मेकॅनिकलच्या मुलांनी मात्र हिवाळ्यात जावं. तेव्हा खुडणी बंद असते आणि यंत्रं उघडून दुरुस्ती चालते. कॉलेजच्या लेटरहेडवर दोन-तीन महिने आधी मॅनेजरना लिहा.

पुढे यातच राहायचं असेल तर जोरहाटचं आसाम कृषी विद्यापीठ आणि सिलिगुडीजवळचं उत्तर बंगाल विद्यापीठ, दोन्हीकडे चहाचा स्वतंत्र विभाग आहे. मळ्यात असिस्टंट मॅनेजर म्हणून लागलात तर कारखान्याआधी उतारावर पायपीट करावी लागते. ब्लेंडिंग आणि लिलावाची कामं कोलकात्यात. पॅकिंग आणि क्वालिटीची कामं आपल्याकडेही मिळतात.

आणि खुडणाऱ्या बायकांसोबत एक पूर्ण दिवस काढा. उत्तर बंगालच्या मळ्यांत त्यांची रोजंदारी 2023 मध्ये 250 रुपये झाली. माझ्या लॉटचा पाला खुडणाऱ्या मावशींना मी तयार चहा नेऊन दिला. त्यांनी ओंजळीत घेऊन हुंगला आणि तो कुठल्या बाजूच्या उतारावरचा आहे ते सांगितलं.