मे महिन्यात टायरची हवा कमी करू नका भो

आपल्याकडे उन्हाळा लागला की प्रत्येक जण सांगतो, हवा दोन-चार पॉईंट कमी ठेव नाहीतर टायर फुटेल. मी पण ऐकलं होतं. जळगावहून धुळ्याला जाताना पारोळ्याजवळ भर दुपारी एका पंक्चरवाल्याकडे हवा चेक केली, काटा 38 वर, तो म्हणे जास्त आहे, काढून 33 केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरवर बघतो तर 28 च!

झालं काय तर हवा तापली की प्रेशर वाढतं, साधारण 5-6 डिग्रीला 1 पीएसआय (म्हणजे एक पॉईंट) धरा. आपल्याकडे पहाटे 28 डिग्री अन दुपारी 44, त्यात रस्त्यावर पळून टायर अजून तापलेला, मग चार-पाच वाढणारच, कंपनीने ते धरूनच आकडा दिलेला असतो. उलट हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त दबतात, प्रत्येक चक्कराला वाकतात, त्यानेच टायर आतून तापतो आणि हायवेला फुटतो. म्हणजे ज्या भीतीने हवा काढली तेच होतं.

आता किती ठेवायची? ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, तिथे पट्टीवर स्टिकर असतो (काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणामागे). पुढची वेगळी, मागची वेगळी, आणि बऱ्याच गाड्यांना फुल लोडचा आकडा अजून वेगळा. छोट्या गाड्यांना बहुतेक 30 ते 35 च्या मध्ये असतो पण अंदाज नको, स्टिकरच बघा. टायरवर बाजूला जो आकडा छापलेला असतो तो जास्तीत जास्त मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते, इथे लई लोक चुकतात. तेवढी ठोकली तर गाडी उड्या मारते, टायर मधोमध झिजतो, ब्रेकला पकड कमी. कमी हवेत दोन्ही कडा झिजतात.

चेक सकाळीच करा, गाडी तीनेक तास उभी असताना. पंप लांब असला तर एक आयडिया: घरी स्वतःच्या गेजने बघा, समजा 4 कमी आहे, तर पंपावर टायर तापून जो आकडा दाखवेल त्यात 4 वाढवा, बस. गेज काही महाग येत नाही, घेऊनच टाका, प्रत्येक पंपाचा काटा वेगळं बोलतो.

महिन्यातून एकदा बघाच, आणि डिसेंबरात थंडी पडली की नक्की, उन्हाळ्यात बरोबर भरलेली हवा तेव्हा आपोआप तीनेक पॉईंट खाली येते. हवेऐवजी नायट्रोजन भरायचा का? साध्या हवेत पण 78 टक्के तोच असतो, फुकट मिळाला तर घ्या. तोरणमाळला पाच जण अन डिक्की भरून निघाले तर मागच्या टायरला लोडवाला आकडा, परत आल्यावर कमी करा.

आणि स्टेपनी पण चेक करा, माझी सहा महिन्यांनी बघितली तर 15 होती.