इस्रायलमध्ये नव्याने येताय? १९५१ साल समजून घ्या

नोकरीला, शिकायला किंवा वृद्धांच्या देखभालीच्या कामाला इस्रायलमध्ये येणाऱ्या मराठी माणसाचा दिमोना, अश्दोद, लोद, रामले, बेरशेबा यांपैकी एखाद्या गावाशी संबंध येतोच. तिथे ऐंशी-नव्वदीच्या आज्या तुम्हाला चक्क अलिबागकडच्या मराठीत विचारतील, "कुठले गं तुम्ही?" या घरांच्या बऱ्याच सवयी आणि देशाच्या बऱ्याच सोयी १९५१ च्या आगेमागे घडल्या. ते साल ठाऊक असेल, तर इथल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

देश स्थापन झाला मे १९४८ मध्ये. तेव्हा इथे साधारण साडेसहा लाख ज्यू होते. १९५१ संपता संपता ही संख्या दुप्पट झाली. इराक, येमेन, रुमानिया, उत्तर आफ्रिका इथून माणसं आली आणि मुंबई-कोकणातून बेने इस्रायलीही, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, आले. एवढ्यांना पुरतील इतकी घरं कुठून आणणार? म्हणून 'माआबारा' नावाच्या छावण्या उभ्या राहिल्या. तंबू, पत्र्याच्या खोल्या, कापडी झोपड्या, अनेक कुटुंबांत मिळून एक नळ. १९५१ अखेर दोन लाखांहून जास्त लोक असे राहत होते. त्या हिवाळ्यात पाऊस इतका झाला की कित्येक छावण्यांत पाणी शिरलं. दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटातलं येरुहाम त्याच वर्षी अशाच छावणीतून सुरू झालं. दिमोना आणि अश्दोद नंतरची, १९५५ आणि १९५६ ची. रामले, लोद, बेरशेबा ही मात्र जुनी गावं. १९४८ च्या युद्धात तिथल्या बहुतेक अरबांना घरं सोडावी लागली आणि रिकाम्या घरांत नवे लोक आले. देशात उरलेल्या अरब नागरिकांपैकी बहुतेकांवर १९६६ पर्यंत लष्करी प्रशासन होतं. दुकानात, दवाखान्यात, कामावर अरब सहकारी भेटतील, तेव्हा हेही माहीत असायला हवं.

खाण्यापिण्यावर एप्रिल १९४९ पासून रेशन होतं. कुटुंबाचं नाव एका ठरावीक वाण्याकडे नोंदवायचं आणि कूपन फाडून माल घ्यायचा. १९५० मध्ये कपडे आणि बूटही रेशनवर गेले. अंड्याची पूड, गोठवलेले मासे आणि वांगी यांवर घरं चालायची. बंधनं हळूहळू सैल होत १९५९ मध्ये उठली. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या घरात कामाला असाल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: शिळा पाव केराच्या डब्यात टाकू नका. वेगळ्या पिशवीत भरून कचराकुंडीच्या बाहेर कडीला अडकवा. सगळी गल्ली तसंच करते. त्यात धर्माचा भाग आहे, आणि त्या वर्षांची आठवणही.

तांदळाची टंचाई होती म्हणून पंतप्रधान बेन गुरियन यांच्या सांगण्यावरून ओसेम कंपनीने १९५३ मध्ये गव्हाचे भाजलेले दाणे काढले. तेच 'पतितीम'. आज प्रत्येक दुकानात मिळतात आणि आपल्या हाताला लगेच जमतात. एक वाटी दाणे चमचाभर तेलात, मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीवर, कांद्याबरोबर गुलाबी होईपर्यंत परता. दीड ते पावणेदोन वाट्या उकळतं पाणी घाला, झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच राहू द्या. गार पाणी घातलं किंवा सारखं ढवळत बसलात, की पिठूळ गोळा होतो.

गच्चीवरची पांढरी टाकी आणि काळं तावदान हेही त्याच टंचाईचं अपत्य. इंधन महाग, म्हणून सूर्यबंब आला. १९८० पासून नव्या घरांना कायद्याने सक्तीचा झाला. टाकी साधारण १२० ते १५० लिटरची असते. पाणी दुपारनंतर सर्वांत गरम असतं, रात्रभरात निवतं. सकाळी अंघोळ करायची आपली सवय इथे हिवाळ्यात महाग पडते, संध्याकाळी करा. ढगाळ दिवशी विजेचं बटण लावावं लागतं: एकाच्या अंघोळीला अर्धा तास, चौघांना तासभर. काम झालं की बटण बंद. रात्रभर चालू राहिलं, तर ते बिलात दिसतंच.

कामं लावताना वर्षाचा बेत ज्यू पंचांगाप्रमाणे आखा. वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि सणांचे ते तीन-चार आठवडे सरकारी कागद हलत नाहीत. "सणांनंतर या" हेच उत्तर मिळतं. व्हिसा, बँक, भाडेकरार ऑगस्टमध्ये उरका. आठवडा रविवारी सुरू होतो. शुक्रवारी दुपारी बहुतेक ठिकाणी बस थांबते ती शनिवारी रात्रीपर्यंत, म्हणून दूध-भाजी शुक्रवारी सकाळीच आणा. ज्यू धर्माप्रमाणे दर सातवं वर्ष शेतजमिनीच्या विश्रांतीचं. देश झाल्यावरचं पहिलं १९५१-५२ मध्ये, नेमकं टंचाईत आलं. पुढचं २०२८ च्या शरदात सुरू होईल. तेव्हा भाजी कुठून आली हे ग्राहक विचारतील, त्याचं नवल वाटू देऊ नका.

हिब्रू भाषेसाठी 'उलपान' नावाचे वर्ग आहेत. पहिला १९४९ मध्ये जेरुसलेमला निघाला. पूर्णवेळ वर्ग साधारण पाच महिने चालतो. कामावर असाल तर संध्याकाळचा धरा, पण पहिल्याच महिन्यात. दवाखान्यात गेल्यावर आधी "शेवटचा कोण?" असं विचारा आणि त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी रांग अशीच लागते. परदेशी कामगारांचा आरोग्यविमा मालकाने काढायचा असतो. त्याचं कार्ड हातात आल्याशिवाय कामाला लागू नका.

आणखी एक नाजूक बाब. १९५१-५२ मध्ये बेने इस्रायलींच्या एका गटाने भेदभावाची तक्रार करत परत भारतात पाठवा म्हणून तेल अवीवमध्ये धरणं धरलं, आणि काही जण खरोखर परतले. पुढे त्यांच्या लग्नसंबंधांवर धर्मपीठाने शंका घेतली; तो वाद १९६४ मध्ये मिटला. घरातलं कुणी आपणहून बोललं तर ऐका, पण तुम्ही विषय काढू नका.

बेने इस्रायलींच्या घरच्या मलिद्याचं, म्हणजे प्रसादाच्या ताटाचं, आमंत्रण मात्र चुकवू नका. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं. संदेष्टा एलियाहू हन्नाबीच्या नावाने ताट मांडतात. जाताना घरी केलेलं काही नेऊ नका. कोशेर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम, पाळणाऱ्या घरात ते वापरता येत नाही. अख्खी फळं न्या, किंवा कोशेर शिक्का असलेलं न फोडलेलं पाकीट.