रिमोट टर्बोच्या ऑइल पंपाचं वायरिंग: निदान या चुका तरी टाळा

इथे मिशिगनमध्ये माझ्या गॅरेजसमोर महिन्यातून एकदा तरी कुणीतरी धूर सोडत येतो आणि उतरल्या उतरल्या सांगतो, काका टर्बो गेला. बहुतेक वेळा टर्बोला काही झालेलं नसतं, वायरिंग गंडलेलं असतं.

नवीन लोकांसाठी मामला थोडक्यात सांगतो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. टर्बो इंजिनला चिकटून असेल तर तेल वरून येतं, बेअरिंगमधून जातं आणि जाड नळीतून आपोआप खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत पडतं. रिमोट टर्बो बसतो मागे, सायलेन्सरच्या जागी, सम्पपेक्षाही खाली. तिथून तेल काय स्वतःहून चढून येणार नाही, ओढून आणायला इलेक्ट्रिक पंप लागतो. आणि टर्बोचे सील म्हणजे बाटलीचं बूच नाही, पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, आत तेल तुंबलं की ते त्यांच्या बाजूने सरळ एक्झॉस्टमध्ये जातं. पंप थांबला की मागे निळा धूर, मग टर्बो कालच डब्यातून काढलेला का असेना. तरी लोक सगळे पैसे टर्बोवर घालतात आणि पंपाला वायर कुठली, तर घरात पडलेली स्पीकरची.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. पंपाचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, ऑइल प्रेशरच्या लाइटच्या वायरवरून चालवणे.

एक पोरगा आला होता, नागपूरचा, नुकती नोकरी लागलेली, जुनी ३२८ बीएमडब्ल्यू. एक टर्बो बदलून झालेला, दुसराही धूर काढत होता. म्हणाला काका पंप तर चालतो, मी स्वतः ऐकलाय. कधी ऐकलास? तर म्हणे चावी ऑन करून. म्हटलं आता इंजिन सुरू कर आणि लांब स्क्रूड्रायव्हर पंपाला टेकवून मूठ कानाला लाव. त्याने लावली, आणि चेहरा बघण्यासारखा झाला. पंप ढिम्म. इंजिन बंद करून नुसती चावी ऑन केली की पंप घुर्रर्र सुरू.

झालं होतं काय, त्याला वाटलं तेलाचं प्रेशर आलं की पंप चालू व्हावा, किती हुशार आयडिया. म्हणून रिलेच्या ८६ ला इग्निशन आणि ८५ ला लाइटवाल्या स्विचची वायर. (हे रिलेच्या पिनांचे नंबर: ८५ आणि ८६ आतल्या कॉइलची दोन टोकं, ३० वर येणारा करंट कॉइल चालू असताना ८७ वर जातो, बंद असताना ८७ए वर.) पण तो स्विच उलटा असतो ना! प्रेशर नसताना तो अर्थ देतो म्हणून तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, प्रेशर आलं की अर्थ सुटतो आणि दिवा विझतो. म्हणजे याचा पंप तेल नसताना चालायचा आणि तेल आलं की बंद. चालत्या गाडीत एक्झॉस्टच्या आवाजात कुणाला कळणार?

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. मी म्हटलं शनिवारी ये, नीट करू. त्याला दम कुठला, त्याने रात्री कुठलातरी व्हिडिओ बघून पंपाची वायर ८७ वरून काढून ८७ए वर टाकली. लॉजिक उलटं आहे ना, मग उलटं केलं की सरळ. इंजिन चालू असताना पंप चालला, साहेब खूश होऊन झोपले. आता ३० नंबरला थेट बॅटरी, चावी काढली की कॉइल बंद, आणि कॉइल बंद असताना ३० आणि ८७ए आतून जोडलेलेच असतात. पंप रात्रभर चालला. सकाळी फोन, काका गाडीचं लॉकसुद्धा उघडत नाहीये.

माझी सवय साधी आहे. ३० ला बॅटरी फ्यूजमधून, ८७ पंपाला, ८५ अर्थला, ८६ इग्निशनला. चावी ऑन म्हणजे पंप ऑन, विषय संपला. इग्निशन म्हणजे स्टार्टर मारतानाही लाइव्ह राहणारी वायर घ्यायची, रेडिओची नको, ती स्टार्टरच्या वेळी मरते. वर एक ऑफ-डिले टायमर लावतो, ४५ सेकंदांचा, म्हणजे इंजिन बंद केल्यावर टर्बोत उरलेलं तेल खेचून घेतलं जातं आणि सकाळी शेजाऱ्यांना धूर जात नाही. पाच मिनिटं लावू नका, गिअर पंप कोरडा फिरून झिजतो. प्रेशरवरच चालवायची हौस असेल तर प्रेशर आल्यावर जोडणारा वेगळा स्विच मिळतो, तो घ्या.

दुसरी चूक अर्थची, आणि इथे मी जरा चिडतो. वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, रंगावर थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, कसलं की ते हातातला पाना टेबलावर आपटायचे. इथे तर रस्त्यावर मीठ टाकतात, बंपरच्या बोल्टला बांधलेला अर्थ एका हिवाळ्यात हिरवा-पांढरा होऊन बसतो. पंप फिरतो, पण मेल्यासारखा. एका गाडीत बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपाच्या टोकांवर ११.१. मोटरला व्होल्टेज कमी की स्पीड कमी, स्पीड कमी की तेल कमी, मग गाडी सिग्नलला ठीक आणि हायवेवर जोर दिला की धूर. मालक म्हणतो पंप लहान पडतोय, मोठा घेऊ का. नको रे बाबा, आधी मीटर काढ. पंप चालू ठेवून काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पंपाच्या अर्थ वायरला. पाव व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब.

वायरची जाडीही तिथेच बघून घ्या. ८ अँपच्या पंपाला १८ गेजची ५ मीटर वायर टाकली तर जातानाच पाऊण व्होल्टच्या वर खाते. मी १२ गेज टाकतो (गेजचा नंबर कमी तितकी वायर जाड) आणि काळी वायरही लालच्या सोबत थेट पुढे नेतो, बॉडीच्या भरवशावर सोडत नाही. जास्त करतो असं म्हणतात लोक, म्हणू देत.

बाकीचं पटापट. फ्यूज बॅटरीपासून एक वीतभर अंतरात, पंपाजवळ नाही, मधली वायर घासली तर काय जळणार याचा विचार करा. फ्यूज उडाला म्हणून १५ च्या जागी ३० टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही. जानेवारीत उणे १५ ला तेल मधासारखं घट्ट होतं, पंप जास्त अँप घेतो, फ्यूज तेव्हाच उडतो, तर पातळ ग्रेडचं तेल वापरा. वायर डाउनपाइपच्या, म्हणजे टर्बोतून निघणाऱ्या गरम एक्झॉस्ट नळीच्या जवळून नेऊ नका, साधी पीव्हीसी तिथे टिकत नाही. चावून बसणारे निळे टॅप कनेक्टर कचऱ्यात टाका. लाल-काळी उलटी लावली तर गिअर पंप उलटा फिरतो आणि तेल टर्बोकडेच ढकलतो, म्हणून गाडीखाली बसवण्याआधी दोन डब्यांमध्ये नळ्या सोडून चालवून बघा. डॅशबोर्डवर एलईडी लावला असेल तर छान, पण त्याची वायर पंपाच्या टोकावरून परत आणा, रिलेच्या आधीच्या वायरवरून नको, आणि तरी तो फक्त करंट पोचला एवढंच सांगतो, तेल वाहतंय हे नाही.

म्हणून मी क्लॅम्प मीटरने तेल गरम असताना पंपाचे अँप मोजतो आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो. नागपूरच्या पोराच्या गाडीवर ६.४ लिहिलंय, खाली तारीख. मागच्या महिन्यात त्याचा मेसेज आला, काका ९ दाखवतोय, धूर अजून नाहीये. म्हटलं इनलेटची जाळी काढून बघ, आणि मी येईपर्यंत दुसरं काही हलवू नकोस.