मिलफर्ड साउंडला छोट्या विमानाने जाताय? या चुका टाळा

न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाऊनहून मिलफर्ड साउंडला, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीला, रस्त्याने जायचं तर जवळपास 290 किलोमीटर, म्हणजे एका बाजूचे चार तास. छोट्या विमानाने तेच अंतर पाऊण तासाच्या आत कापलं जातं, शिवाय 580 मीटरवरून कोसळणारा सदरलँड धबधबाही वरून दिसू शकतो. भाडं मात्र दणदणीत. ते वाया जातं ते बहुधा हवेत नाही, जमिनीवरच.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे हे उड्डाण सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवणं. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या आंबोलीच्या पंगतीतला, आणि तोही बारा महिने विखुरलेला. मधे डोंगररांग आहे. अलीकडे क्वीन्सटाऊनला लख्ख ऊन आणि पलीकडे ढग पाण्याला टेकलेले, असं नेहमीच होतं. ही विमानं पायलट डोळ्यांनी वाट बघत डोंगरांमधून नेतो. खिंड दिसत नसेल तर उड्डाण नाही, विषय संपला. तरी ‘इथे तर ऊन आहे!’ म्हणत काउंटरवर हुज्जत घालणारे असतातच. त्यापेक्षा क्वीन्सटाऊनला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसाचं, शक्यतो सकाळचं उड्डाण घ्या. रद्द झालं तरी पुढचे दिवस हाताशी राहतात. पैसे परत मिळणार की नुसती तारीख बदलून मिळणार, हे बुकिंगच्या वेळीच वाचून ठेवा. मिलफर्ड कुठल्याही परिस्थितीत पाहायचंच असेल, तर जाताना बस आणि येताना विमान हा पर्याय बरा: विमान अडलं तर बसने परतता येतं. आणि जून ते ऑगस्ट तिकडचा हिवाळा म्हणून बाद करू नका, त्या महिन्यांत पाऊस तुलनेने कमी असतो.

वजन चोरू नका. फॉर्मवर पाच किलो कमी लिहिले तर काय बिघडलं, असं विमानातल्या आठ प्रवाशांना वाटलं की 40 किलो हिशेबाबाहेर जातात. बहुतेक ठिकाणी काट्यावर उभं करतातच. कोण कुठे बसणार हेही वजनावर ठरतं, तेव्हा ‘आम्हा दोघांना शेजारी द्या’ हा आग्रह धरू नका. खिडकी बहुधा प्रत्येकाला मिळते.

पोटाचं काय? उपाशी जाणं आणि हॉटेलचा फुकट नाश्ता वसूल करून जाणं, दोन्ही वाईट. टोस्ट-केळं पुरे. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी तासभर घ्यावी; मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहीलच असं नाही. तरीही मळमळलं तर आधी मोबाइल खाली ठेवा. स्क्रीनवर टक लावून विमान वळताना चित्रीकरण करणाऱ्यांना सगळ्यांत लवकर त्रास होतो. दूरच्या शिखराकडे बघा, हवेचा झोत तोंडावर घ्या. पिशवी आधीच हाताशी ठेवा, लाजायचं काही नाही.

या विमानांत केबिनचा दाब राखलेला नसतो. शिखरांवरून थेट समुद्रसपाटीवर उतरताना कान गच्च होतात. आवंढा गिळा, जांभई द्या. नाक सर्दीने चोंदलं असेल तर मात्र सरळ दिवस बदला, तो ठणका सहन होत नाही.

फोटोंत स्वतःचाच पांढरा शर्ट चमकतो, कारण खिडकीत त्याचं प्रतिबिंब पडतं. गडद कपडे घाला. कॅमेरा काचेजवळ धरा पण टेकवू नका, विमानाची थरथर फोटोत उतरते.

उतरल्यावर पायलट सांगेल त्याच बाजूने चालायचं. पंख्याकडे, म्हणजे विमानाच्या नाकाकडे, सेल्फीसाठी अजिबात जायचं नाही, तो थांबलेला दिसला तरी.

शेवटचं म्हणजे सँडफ्लाय. मिलफर्डच्या काठावर या बारीक माश्या घोट्यांना कडकडून चावतात आणि खाज कित्येक दिवस जात नाही. माश्यांना दूर ठेवणारं मलम सामानात ठेवून उपयोग नाही, विमानात बसण्याआधीच पायांना लावा आणि मोजे घाला.