बोटीवर केबिनचं कार्ड हरवलं तर आधी काय करायचं, आणि एरवी काय सांभाळायचं

आमच्या गोव्यात गावागावात कोणीतरी तारवटी असतोच, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. आमचा मामा बरीच वर्षं केबिन स्टुअर्ड होता, त्यामुळे आई, मावशी आणि मी मुरगाव बंदरातून क्रूझवर निघालो तेव्हा फोंड्याहून वास्कोला जाताना गाडीत त्याचा फोन, आणि कपडे काय घेतले वगैरे काही विचारलं नाही, एवढंच म्हणाला, "कार्ड सांभाळ गो, बाकी सगळं बोटीवर मिळतं." तेव्हा मी हो हो केलं. तिसऱ्या दिवशी आईचं कार्ड हरवलं तेव्हा कळलं तो का सांगत होता ते.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते नीट समजून घ्या. हॉटेलचं कार्ड फक्त दार उघडतं. बोटीवरचं कार्ड म्हणजे किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट तिन्ही एकत्र. चढताना तुमचा फोटो काढतात तो त्या कार्डाशी जोडलेला असतो, मग गँगवेवर (बोटीत चढायच्या-उतरायच्या जागी) कार्ड लावलं की सिक्युरिटीच्या स्क्रीनवर तुमचा चेहरा येतो. बारमध्ये, दुकानात, स्पामध्ये सगळा खर्च त्याच्यावरच चढतो. बऱ्याच कार्डांवर मस्टर स्टेशनचं अक्षर किंवा नंबर पण छापलेला असतो, म्हणजे संकटात कुठे जमायचं ते. (सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला की तिकडे जायचं, हे मुलांना पण पाठ करून घ्या.)

म्हणजे तुमचं कार्ड कोणाला सापडलं तर तो तुमच्या नावाने बोटीवरून खाली उतरू शकत नाही कारण फोटो जुळणार नाही, पण तुमची केबिन मात्र उघडू शकतो, फक्त केबिन कुठली ते त्याला माहीत पाहिजे. म्हणूनच कार्डावर सहसा केबिन नंबर छापत नाहीत. आणि आपण काय करतो, विसरायला नको म्हणून पेनाने मागे लिहून ठेवतो, नाहीतर नंबर लिहिलेल्या पाकिटातच कार्ड घालून फिरतो! हे अजिबात करू नका. नंबर मोबाईलमध्ये कोणाच्या तरी नावाखाली सेव्ह करा. बुफेत किंवा बारवर कोणी रूम नंबर विचारला तर मोठ्याने सांगू नका, कार्ड पुढे करा, मागे रांगेत कोण उभं आहे ते आपल्याला माहीत नसतं.

आता हरवलं तर. आईचं कार्ड बुफेच्या टेबलावर राहिलं असणार, मी आधी अर्धा तास शोधत बसले आणि तीच चूक. शोधायचं नंतर, आधी रिसेप्शन. केबिनजवळ असाल तर केबिनच्या फोनवरून कळवा, नाहीतर सरळ चालत जा. तिथे दोन गोष्टी स्पष्ट बोला, एक म्हणजे या कार्डावरचा खर्च आत्ता बंद करा, आणि दुसरी, मला डुप्लिकेट नको, नवीन कोडचं कार्ड द्या.

हे दुसरं का ते सांगते, कारण हे मामाने सांगेपर्यंत मला पण माहीत नव्हतं. बरीच लॉक कॉम्प्युटरला जोडलेली नसतात, दाराच्या लॉकची स्वतःची बॅटरी आणि स्वतःची मेमरी असते. रिसेप्शनवर जुनं कार्ड रद्द केलं तरी दाराला ते लगेच कळत नाही. नवीन कोडचं कार्ड पहिल्यांदा दाराला लागतं तेव्हा लॉक समजतं की आता जुना कोड संपला. म्हणजे नवीन कार्ड घेऊन तुम्ही जेवायला गेलात तर तोपर्यंत हरवलेलं कार्ड दार उघडतच राहणार. म्हणून नवीन कार्ड हातात आलं की सरळ केबिनला जा, दार उघडा, मगच बाकीचं. आणि घरच्या इतरांची कार्डं पण नव्या कोडची करून घ्या, नाहीतर मावशीसारखं रात्री दाराबाहेर उभं राहावं लागेल, तिचं जुनं कार्ड चालेचना.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. रिसेप्शनवर मी नुसता केबिन नंबर आणि आडनाव सांगितलं आणि त्या मुलीने हसत नवीन कार्ड दिलं, आधार मागितलं नाही की स्क्रीनवरचा फोटो बघितला नाही. आधी बरं वाटलं, लवकर काम झालं म्हणून. मग लिफ्टमध्ये लक्षात आलं की मी आई नाहीच! म्हणजे आमचं आडनाव ऐकलेल्या कोणालाही हे कार्ड मिळालं असतं. परत जाऊन सांगितलं की आमच्या केबिनचं कार्ड फोटो बघितल्याशिवाय कोणाला देऊ नका, त्यांनी नोंद केली. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, आणि तुमच्याकडे ओळखपत्र मागितलं तर चिडू नका, ते तुमच्याच भल्याचं आहे.

कार्ड हरवलं नाही पण चालत नाही असं पण होतं. सरकवायचं किंवा घालायचं कार्ड असेल तर मागे काळी चुंबकीय पट्टी असते, पर्सचं मॅग्नेटचं बटण, मोबाईलच्या कव्हरचं मॅग्नेट यांनी ती पुसते. नुसतं टेकवायचं कार्ड असेल तर हा त्रास नाही. गळ्यात अडकवायला भोक हवं असेल तर स्वतः पाडू नका, आतली तार तुटते, रिसेप्शनवर बरोबर जागी पाडून देतात.

केबिनमध्ये असताना नुसत्या कार्ड लॉकवर राहू नका. 2018 मध्ये एफ-सिक्युअर या फिनलंडच्या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं होतं की हॉटेलांमध्ये खूप वापरल्या जाणाऱ्या एका जातीच्या लॉकचं मास्टर कार्ड कुठल्याही जुन्या कार्डावरून बनवता येतं. लॉक बनवणाऱ्या कंपनीने दुरुस्ती काढली, पण आतली कडी लावायला दोन सेकंद लागतात, लावा. दारावर टकटक झाली तर आधी पीपहोलमधून बघा, "हाउसकीपिंग" म्हटलं तरी. आपण काही मागवलंच नसेल तर न उघडता रिसेप्शनला फोन करून विचारा. बाहेर जाताना दार आपोआप लागतं असं समजू नका, एसीच्या हवेने कधीकधी अडतं, हँडल ओढून बघा. शेजारच्या केबिनला जोडणारं दार असेल तर ते, आणि बाल्कनीचं दार, दोन्ही बंद आहेत का बघा.

कोणी आत येऊन गेलं असं वाटलं तर काही आवरू नका, तसंच ठेवून सिक्युरिटीला बोलवा. बहुतेक लॉकमध्ये कुठल्या कार्डाने किती वाजता दार उघडलं याची नोंद राहते, स्टाफच्या कार्डाची पण. "लॉकचं रेकॉर्ड वाचा आणि कॉरिडॉरचा सीसीटीव्ही बघा" असं सरळ म्हणा, तुम्ही किती वाजता बाहेर होता ते अंदाजे सांगा, आणि तक्रार लेखी द्या, त्याची कॉपी घ्या. तोंडी तक्रार उतरताना कोणाला आठवत नाही.

खात्यावरचा खर्च रोज रात्री केबिनच्या टीव्हीवर किंवा ॲपवर बघा, शेवटच्या दिवशी रिसेप्शनवर रांग असते तेव्हा भांडायला वेळ नसतो. मुलांच्या कार्डावर खर्च बंद करून घ्या, फक्त दार उघडलं तरी पुरे. उतरायच्या सकाळी तिजोरी उघडून हात घालून चाचपा. आईच्या बांगड्या मागच्या कोपऱ्यात होत्या, डोळ्यांना दिसत नव्हत्या, हाताला लागल्या.