कंपनी काढताय? आधी लाईट बिल काढा

कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत शेड घेतलेली पोरं माझ्याकडे येतात ती कंपनीचं नाव ठरवूनच. मी आधी लाईट बिल मागते. कारण कंपनीच्या पत्त्याला पुरावा लागतो : दोन महिन्यांच्या आतलं बिल आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र. आपल्याकडे बिल बऱ्याचदा आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन वर्षं झालेली. मग सही कुणाची घेणार? वारसाची कागदपत्रं जोडून महावितरणकडं नाव बदलायचा अर्ज आजच टाका. घाईच असेल तर सध्या पत्रव्यवहाराचा पत्ता द्या. मात्र नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत कायमचा पत्ता कळवावाच लागतो.

दुसरं, पॅन आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नावच गायब, असं सर्रास असतं. डिजिटल सिग्नेचर, म्हणजे ऑनलाइन अर्जावर करायची सही, काढण्याआधीच हे दुरुस्त करा.

प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन डायरेक्टर आणि दोन भागधारक लागतात. तीच दोन माणसं दोन्हीकडं चालतात. अर्ज कंपनी मंत्रालयाच्या साइटवर, फॉर्म स्पाइस प्लस. पहिल्या भागात नाव : एका वेळी दोन पर्याय, फी १००० रुपये, मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात. अंबाबाई, जोतिबा यांच्यावर आपली श्रद्धा आहेच, पण तेवढ्यावर नाव मंजूर होणं अवघड. सोबत स्वतःचा वेगळा शब्द घाला, ट्रेडमार्कही तपासा.

दुसऱ्या भागात घटनापत्रक (कंपनी काय करणार ते) आणि नियमावली (कारभार कसा चालणार ते). घटनापत्रकातल्या उद्दिष्टांत फक्त 'कास्टिंग' लिहू नका. उद्या मशिनिंग करणार असाल तर तेही घाला. कंपनीचं पॅन, टॅन (टीडीएससाठीचा नंबर), पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर, बँक खातं याच अर्जातून होतं. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढू शकते ती मर्यादा, १५ लाखांपर्यंत असेल तर मंत्रालयाची नोंदणी फी नाही, मुद्रांक शुल्क मात्र भरावं लागतं.

नोंदणीचा दाखला आला की लोक पेढे वाटतात आणि पुढचं विसरतात. ३० दिवसांत ऑडिटर नेमा. शेअरचे पैसे कंपनीच्या खात्यात भरा आणि नोंदणीपासून १८० दिवसांत आयएनसी-२०ए, म्हणजे धंदा सुरू करत असल्याचं कळवायचा फॉर्म, टाका. तो राहिला तर कंपनीला ५०,००० रुपये दंड, डायरेक्टरला दिवसाला १००० वेगळे, आणि कंपनीचं नाव नोंदवहीतून काढलंही जाऊ शकतं. म्हणून या फॉर्मची शेवटची तारीख दाखल्याच्या झेरॉक्सवरच लाल पेनानं लिहून मी हातात देते.